तक्त्यातील अंकांचे स्वरूप व ओळींची ओळख : सीएसव्ही फाईल जतन करताना घ्यावयाची दक्षता

विद्यार्थ्यांच्या माहितीच्या तक्त्यावर नजर टाकली, तर एकाच ओळीत नाना तऱ्हेचे अंक शेजारी शेजारी नांदत असलेले दिसतात. दाखल क्रमांक, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, उंची, वजन, उपस्थितीचे दिवस, चाचणीचे गुण. दिसावयास हे सारे अंकच. परंतु त्यांचा स्वभाव एक नाही. वजन व गुण ही मोजमापे आहेत. त्यांची बेरीज होते, सरासरी निघते. दाखल क्रमांक किंवा खाते क्रमांक हे मात्र अंकांनी लिहिलेले नाव होय. दोन मुलांच्या खाते क्रमांकांची बेरीज करावयास कोणी शिक्षक बसत नाही, आणि खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य निरर्थक म्हणून कोणी खोडीतही नाही. रकान्याचे शीर्षक वाचताच हा भेद मनात आपोआप उमटतो.

संगणकास हा भेद सांगावा लागतो. एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्स ह्यांच्या तक्त्यात प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरविण्याची सोय असते: हा मजकूर, ही संख्या, ही तारीख. शिक्षकाने काळजीपूर्वक हे प्रकार ठरविले, तक्ता नीटनेटका झाला, आणि मग वरून मागणी आली की माहिती सीएसव्ही स्वरूपात पाठवावी. ह्या एका पायरीवर सांगितलेले सर्व पुसले जाते, आणि ते पुसले गेल्याची वार्ताही बहुधा कोणास लागत नाही. असे का होते, व झालेली हानी कोणाच्या पदरी पडते, हे समजून घेतले म्हणजे उपाय फारसा अवघड राहत नाही.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी विलग केलेली मूल्ये. ही फाईल नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षके, पुढे प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ, आणि दोन मूल्यांच्या मध्ये स्वल्पविराम. ह्यापलीकडे तीत काही नसते. रकान्याची रुंदी नाही, रंग नाही, सूत्र नाही. अनुपस्थित मुलांच्या ओळी लाल रंगाने रंगविल्या असतील, तर तो रंग जातो. इयत्तावार सात पाने एका फाईलमध्ये असतील, तर एक्सेल त्यांपैकी समोर उघडे असलेले एकच पान जतन करते. आणि रकान्याचा प्रकारही जातो. उरतात ती केवळ अक्षरे. ही पद्धत फार जुनी आहे. १९७२ साली आयबीएम कंपनीच्या फोर्ट्रान भाषेच्या संकलकात स्वल्पविरामांनी विलग केलेली माहिती वाचण्याची सोय होती. तिचे नियम एकत्र लिहून प्रसिद्ध होण्यास मात्र २००५ साल उजाडले. त्या वर्षीच्या आरएफसी ४१८० ह्या टिपणात स्वल्पविराम, अवतरणचिन्हे व ओळींचा शेवट ह्यांविषयी नियम आहेत; कोणता रकाना संख्येचा व कोणता नावाचा, हे लिहून ठेवण्याची जागा त्यात नाही. ही उणीव आहे खरी, परंतु तीच ह्या पद्धतीची शक्तीही आहे. इतकी साधी असल्यामुळेच जगातील जवळजवळ प्रत्येक प्रणाली ही फाईल वाचू शकते, आणि म्हणूनच कार्यालये तिची मागणी करतात.

प्रकार लिहिलेला नसला, म्हणजे फाईल उघडणारी प्रणाली स्वतःच अंदाज बांधते. अंक दिसले की ती संख्या मानते. मध्ये तिरकी रेघ दिसली की तारीख मानते. अंदाज चुकला तरी ती विचारीत बसत नाही.

ह्या अंदाजाचा फटका नागपूर जिल्ह्यास एका विशेष रीतीने बसतो. यू-डायस प्रणालीत प्रत्येक शाळेस ११ अंकी संकेतांक आहे. त्यात पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, नंतरचे दोन गटाचे, त्यापुढील तीन गावाचे व अखेरचे दोन शाळेचे. महाराष्ट्राचा अंक २७ आणि नागपूर जिल्ह्याचा ०९. संपूर्ण संकेतांक २७ ने सुरू होत असल्यामुळे एकसंध लिहिला असता त्यास धोका नाही. परंतु गटवार किंवा गाववार याद्या करण्याच्या सोयीसाठी तो पुष्कळदा पाच रकान्यांत तोडून लिहिला जातो. समजा, एका शाळेचा संकेतांक असा तोडला: २७, ०९, ०५, ०१२, ०३. ही फाईल सीएसव्ही म्हणून जतन केली, दुसऱ्या दिवशी तिच्यावर दोनदा टिचकी मारून एक्सेलमध्ये उघडली, की रकान्यांत दिसू लागते: २७, ९, ५, १२, ३. आरंभीची शून्ये गेली. आता हेच भाग पुन्हा जोडले, तर ११ अंकांच्या जागी २७९५१२३ हा सात अंकांचा आकडा हाती येतो, आणि त्यावरून मूळ शाळा शोधता येत नाही. कारण ५ व १२ हे गट व गाव, की ५१ हा गट व २ हे गाव, हे सांगणार कोण? भंडारा जिल्ह्याचा अंक १० व गोंदियाचा ११ असल्यामुळे तेथे निदान जिल्ह्याचा अंक तरी शाबूत राहतो. नंदुरबारपासून नागपूरपर्यंतच्या पहिल्या नऊ जिल्ह्यांना तेवढीही सवलत नाही.

येथे एक गोष्ट बारकाईने ध्यानात घ्यावी. शून्य नाहीसे झाले ते जतन करताना नव्हे. रकाना मजकूर प्रकाराचा होता, म्हणून सीएसव्ही फाईलमध्ये ०९ हेच उतरले होते. ते गेले उघडताना. आणि उघडल्यावर शिक्षकाने एखादे नाव दुरुस्त करून फाईल पुन्हा जतन केली, त्या क्षणी ते कायमचे गेले. नुसते डोळ्यांखालून घालण्यासाठी उघडलेली फाईल बंद करताना ‘जतन करावे काय?’ असा प्रश्न येतो, आणि सवयीने होकार दिला जातो. नुकसानीचा मोठा भाग ह्या एका होकारातून घडतो.

शून्य गेले तर निदान ते किती अंकी असावयास हवे हे ठाऊक असल्यास परत लावता येते. लांब क्रमांकांच्या बाबतीत तसे नाही. आधार क्रमांक १२ अंकी असतो. सर्वसाधारण प्रकारच्या रकान्यात एक्सेल ११ अंकांपर्यंतची संख्या पुरी दाखविते. १२ अंक झाले की ती १.२३४५७ई+११ अशा शास्त्रीय लेखनाने दाखवू लागते. पडद्यावर असे दिसले तरी मूळ फाईलमध्ये सर्व अंक असतात. परंतु सीएसव्ही करताना एक्सेल पडद्यावर जे दिसते तेच लिहून देते. म्हणजे १२ अंकांपैकी पहिले सहा, तेही पूर्णांक केलेले, फाईलमध्ये उतरतात आणि उरलेले सहा अंक जगातून नाहीसे होतात. समोरच्या कार्यालयात ती फाईल उघडली असता प्रत्येक मुलापुढे ई+११ अशी शेपटी लावलेला क्रमांक दिसतो, आणि दोष कोणाचा ह्यावर दूरध्वनी सुरू होतात.

ह्याहून कठीण प्रसंग विद्यार्थी क्रमांकाचा. २०१५ सालापासून सरल प्रणालीत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर आल्या. त्या प्रणालीतील विद्यार्थ्याचा क्रमांक १९ अंकी आहे. एक्सेल कोणतीही संख्या १५ अंकांपर्यंतच अचूक ठेवते. त्यापुढील अंकांच्या जागी ते शून्ये भरते. १२३४५६७८९०१२३४५६७८९ ही संख्या लिहिली, तर १२३४५६७८९०१२३४५०००० एवढीच उरते. अखेरचे चार अंक गेले. आणि एका शाळेतील मुलांचे क्रमांक एकमेकांपासून वेगळे होतात ते पुष्कळदा ह्या अखेरच्या अंकांनीच! आधार क्रमांकाप्रमाणे येथे मूळ फाईलही वाचवू शकत नाही, कारण रकाना आधी मजकूर प्रकाराचा केला नसेल, तर क्रमांक लिहिताक्षणीच त्याचे शेपूट तुटलेले असते.

कुही तालुक्यातील एखादे कुटुंब कामधंद्यासाठी नागपुरास आले आणि नंदनवन भागात त्याने बिऱ्हाड केले, अशी कल्पना करावी. मुलगी चौथीत आहे. नव्या शाळेने तिला वर्गात बसविले; आणि ते योग्यच आहे, कारण बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यानुसार दाखला येण्यास उशीर झाला, म्हणून प्रवेश अडविता येत नाही. परंतु तिची संगणकीय नोंद जुन्या शाळेतून नव्या शाळेत यावयास हवी, व त्यासाठी तिचा क्रमांक हवा. जुन्या शाळेने पाठविलेल्या फाईलमध्ये संपूर्ण चौथीच्या मुलांपुढे एकच क्रमांक आहे, शेवटी चार शून्ये असलेला. मुलगी वर्गात आहे, पण नोंदीत ती अद्याप गावीच. पाठ्यपुस्तकांची संख्या नोंदीवरून मोजली जाते, शिष्यवृत्तीचा प्रस्ताव नोंदीवरून जातो. तिच्या आईने बँकेत खाते उघडून दिले, त्या खात्याच्या क्रमांकाच्या आरंभी शून्य असेल व तेही उडाले असेल, तर मंजूर झालेली रक्कमही तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. ह्यात मुलीचा दोष नाही, आणि खरे पाहता नव्या शाळेचाही नाही. सुदैवाने जुन्या शाळेच्या कागदी दप्तरात हाताने लिहिलेला क्रमांक असेल, तर तोच अखेर कामास येतो. संगणक आला म्हणून कागदी रजिस्टर अडगळीत टाकणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

त्याच मुलीचा पत्ता आणखी एक अडचण उभी करतो. ‘नंदनवन, नागपूर’ असे लिहिले की मध्ये स्वल्पविराम आला. सीएसव्हीच्या दृष्टीने स्वल्पविराम म्हणजे रकान्याची भिंत. म्हणून नंदनवन एका रकान्यात व नागपूर पुढच्या रकान्यात जाते, आणि त्यापुढील सर्व मूल्ये एकेक घर उजवीकडे सरकतात. भ्रमणध्वनी क्रमांकाच्या जागी नागपूर, जन्मतारखेच्या जागी भ्रमणध्वनी क्रमांक. ह्यावर नियमातच उपाय आहे: असे मूल्य दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे. एक्सेल, कॅल्क इत्यादी प्रणाली जतन करताना हे स्वतः करतात. हाताने, नोटपॅडमध्ये, फाईल दुरुस्त करणाऱ्याने मात्र ही चिन्हे चुकूनही काढू नयेत.

ह्या अवतरणचिन्हांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ०९ हे मूल्य अवतरणचिन्हांत घातले, म्हणजे प्रणाली त्यास मजकूर समजेल, अशी समजूत असते. तसे होत नाही. ही चिन्हे मूल्य कोठे सुरू होते व कोठे संपते एवढेच सांगतात. ते कोणत्या प्रकारचे आहे ह्याविषयी ती मौन पाळतात. एक्सेल अवतरणचिन्हांतील ०९ चेही ९ करून टाकते. कॅल्कमध्ये मात्र अवतरणातील मूल्य मजकूर मानण्याचा पर्याय फाईल उघडताना निवडता येतो, व तो निवडावा.

देवनागरी अक्षरांची गोष्ट वेगळी, पण तिचे मूळ तेच. एक्सेलमध्ये जतन करताना ‘सीएसव्ही’ व ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असे दोन पर्याय दिसतात. पहिला निवडला तर मुलांची मराठी नावे प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसतात आणि त्यांतून नाव परत मिळत नाही. दुसराच निवडावा. फाईल उघडताना नावांच्या जागी विचित्र परकी अक्षरे दिसली, तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. तेथे नाव शाबूत असून केवळ वाचण्याची रीत चुकली आहे. अशा वेळी जतन न करता बंद करावे व यूटीएफ-८ सांगून पुन्हा उघडावे. प्रश्नचिन्हे आली तर नावे गेली, परकी अक्षरे आली तर नावे आहेत, एवढा फरक लक्षात असला म्हणजे पुरे.

तारखांकडे आता वळू. महाराष्ट्रातील कित्येक वडीलधाऱ्या माणसांचा कागदोपत्री जन्मदिवस १ जून असतो, हे गुरुजनांना सांगावयास नकोच. खरी तारीख पालकास सांगता आली नाही, की शाळेत दाखल करतेवेळी गुरुजी तीच लिहीत. आता ०१/०६ असे लिहिलेले संगणकाने वाचले, तर त्या यंत्रात कोणत्या देशाची रीत ठरविली आहे ह्यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. भारतीय रीतीने तो १ जून. अमेरिकी रीतीने ६ जानेवारी. कित्येक संगणक विकत आणल्या दिवसापासून अमेरिकी रीतीवरच चालत असतात. गंमत अशी की १५/०६ ही तारीख अशा यंत्रास तारीख वाटतच नाही, कारण पंधरावा महिना नसतो. ती तो मजकूर म्हणून तशीच ठेवतो. परिणामी एकाच रकान्यात बारा तारखेपर्यंत जन्मलेली मुले आपला महिना बदलून बसतात व तेरा तारखेनंतर जन्मलेली सुरक्षित राहतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून चूक ध्यानात येत नाही. वय काढण्याचे सूत्र लावले, किंवा तारीख अक्षरी लिहावयास सांगितली, म्हणजे १ जूनचे मूल जवळजवळ पाच महिन्यांनी मोठे झालेले आढळते. तारीख २०१६-०६-०१ अशी, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस ह्या क्रमाने लिहिली, तर हा घोटाळा टळतो. हा क्रम १९८८ सालच्या आयएसओ ८६०१ ह्या आंतरराष्ट्रीय मानकातील असून तो प्रचलित प्रणालींना एकाच अर्थाने कळतो.

जी तारीख नाही तीही तारीख होते. दोनशिक्षकी शाळेत तिसरी व चौथी एकत्र बसतात, म्हणून इयत्तेच्या रकान्यात ३-४ असे लिहिले, की फाईल उघडताच तेथे एप्रिल किंवा मार्च महिन्यातील एक दिवस अवतरतो. ही फजिती खेड्यातील शाळेचीच होते असे नाही. जीवशास्त्रज्ञांनी मानवी जनुकांना दिलेली काही आखूड नावे सप्टेंबर व मार्च ह्या महिन्यांच्या इंग्रजी नावांसारखी होती; तक्त्यात ती तारखा बनत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या होत्या, त्यांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत असे प्रमाद आढळले. अखेर २०२० साली नामकरण करणाऱ्या समितीनेच त्या जनुकांची नावे बदलली. प्रणाली बदलेना, म्हणून शास्त्राने आपली नावे बदलावी, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. पुढे २०२३ साली एक्सेलमध्ये असे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय आली.

आता ओळींच्या ओळखीचा प्रश्न. रकान्यास शीर्षक असते, तशी प्रत्येक ओळीसही स्वतःची खूण हवी. तिच्यावरूनच ही ओळ कोणाची हे ठरते. कागदी रजिस्टरात ही खूण म्हणजे दाखल क्रमांक. तो एकदा दिला की बदलत नाही. मुलाचे नाव दुरुस्त होवो, मूल वरच्या इयत्तेत जावो, दाखल क्रमांक तोच. हजेरीपटातील अनुक्रमांक दरवर्षी बदलतो, म्हणून तो खूण म्हणून उपयोगी नाही. एक्सेलच्या तक्त्यात डाव्या कडेला करड्या पट्टीवर १, २, ३ असे आकडे दिसतात. अनेकजण त्यांनाच अनुक्रमांक मानतात व वेगळा रकाना भरण्याचे श्रम वाचवितात. परंतु हे आकडे तक्त्याचा भाग नाहीत. सीएसव्हीत ते उतरत नाहीत. आणि नावे अकारविल्हे लावली, की सातव्या ओळीत कालचे मूल राहत नाही. गुणपत्रक एका फाईलमध्ये, खाते क्रमांक दुसऱ्या फाईलमध्ये, व दोन्ही केवळ ओळींच्या क्रमावरून जुळविलेले असतील, तर एका मुलाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जाण्यास एवढे कारण पुरते. म्हणून पहिला रकाना दाखल क्रमांकाचा असावा, त्यास स्पष्ट शीर्षक असावे, आणि शाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाईलमध्ये तोच रकाना त्याच शीर्षकाने यावा.

काही तरुण शिक्षक पायथन भाषेतील पांडास हे साधन वापरून केंद्रातील सर्व शाळांच्या फाईली एकत्र करतात. त्यांचे काम स्तुत्य आहे. पण तेथे ओळीच्या खुणेचा नेमका उलटा अनुभव येतो. पांडास प्रत्येक ओळीस स्वतःची खूण लावते, शून्यापासून मोजून, आणि सीएसव्ही लिहिताना ती खूणही एक बिननावाचा रकाना म्हणून फाईलमध्ये घालते. तीच फाईल पुन्हा वाचून पुन्हा लिहिली, की आणखी एक बिननावाचा रकाना वाढतो. चारपाच वेळा असे झाले म्हणजे तक्त्याच्या डाव्या बाजूस निरर्थक आकड्यांची भिंत उभी राहते. खूण निरर्थक असेल, तर लिहिताना ‘इंडेक्स’ हा पर्याय ‘फॉल्स’ करावा. दाखल क्रमांक हीच खूण केली असेल, तर ती अवश्य लिहू द्यावी, तिला नाव द्यावे, व परत वाचताना कोणता रकाना खूण म्हणून घ्यावयाचा हे ‘इंडेक्स_कॉल’ ह्या पर्यायाने सांगावे.

ह्याच साधनात आणखी एक सूक्ष्म धोका आहे. १९ अंकी विद्यार्थी क्रमांक पांडासच्या पूर्णांक प्रकारात पुरा मावतो, म्हणून सर्व काही ठीक आहे असे वाटते. परंतु एकाच मुलाचा क्रमांक रिकामा असला, तर साधारणपणे तो संपूर्ण रकाना दशांश संख्येच्या प्रकारात बदलला जातो, आणि त्या प्रकारात १९ अंक मावत नाहीत. १२३४५६७८९०१२३४५६७८९ चे १२३४५६७८९०१२३४५६७६८ होते. म्हणजे ज्यांचा क्रमांक भरलेला होता त्या मुलांचे क्रमांकही, न भरलेल्या एका घरामुळे, बिघडतात. जवळजवळचे अनेक क्रमांक एकच होऊन जातात. वाचतानाच ‘डीटाइप’ ह्या पर्यायाने त्या रकान्यास मजकूर ठरविले, की प्रश्न मिटतो.

रिकाम्या घराविषयी शिक्षकांनी अन्यथाही सावध असावे. शून्य गुण मिळविलेले मूल व चाचणीस न आलेले मूल ही दोन भिन्न मुले आहेत. अनुपस्थितासाठी घर रिकामे ठेवले व कोणी नंतर रिकाम्या घरांत शून्य भरले, तर वर्गाची सरासरी खाली येते आणि नसलेले अपयश एखाद्या मुलाच्या माथी बसते. हजेरीचा एक स्वतंत्र रकाना ठेवणे हा सर्वांत साधा उपाय.

प्रत्यक्ष कामाची रीत पुढीलप्रमाणे ठेवावी. मूळ तक्ता नेहमी एक्सेलच्या किंवा कॅल्कच्या स्वतःच्या स्वरूपात जतन करावा. प्रकार, रंग, सूत्रे सर्व तेथेच राहतात. सीएसव्ही ही केवळ पाठवावयाची प्रत समजावी. नवा तक्ता आखताना, एकही अंक भरण्यापूर्वी, क्रमांकांचे सर्व रकाने निवडून त्यांचा प्रकार ‘टेक्स्ट’ असा करावा. भरून झाल्यावर केलेला बदल गेलेले अंक परत आणीत नाही. सीएसव्ही फाईल आली, तर तिच्यावर टिचकी मारून उघडू नये. एक्सेलमध्ये ‘डेटा’ ह्या विभागातील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ ह्या मार्गाने ती आत घ्यावी व प्रकार ओळखू नये असा पर्याय निवडावा. कॅल्कमध्ये फाईल उघडताच एक चौकट येते; तीत क्रमांकाच्या रकान्यावर टिचकी मारून ‘टेक्स्ट’ निवडावे. गूगल शीट्समध्ये आयात करताना मजकुराचे संख्या, तारखा व सूत्रे ह्यांत रूपांतर करण्याविषयीची खूण काढून टाकावी.

फाईलसोबत एक छोटे परिपत्रक जोडावे. प्रत्येक रकान्याचे नाव, तो मजकूर, संख्या की तारीख, किती अंकी, रिकामे घर म्हणजे काय, आणि ओळीची खूण कोणता रकाना, एवढे त्यात असले म्हणजे झाले. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेने २०१५ साली सीएसव्हीसोबत असेच वर्णन संगणकास कळेल अशा रीतीने देण्याची पद्धत ठरविली आहे. शाळेच्या कामास कागदाच्या एका पानाचेही चालते.

पाठविण्यापूर्वी फाईल नोटपॅडमध्ये उघडून दोनचार ओळी वाचाव्यात. नोटपॅड कसलाही अंदाज बांधीत नाही. जे आहे ते दाखविते. आरंभीची शून्ये आहेत काय, ई+११ कोठे आहे काय, नावे मराठीत आहेत काय, हे तेथे लगेच कळते. ओळी मोजून पटसंख्येशी ताडून पाहाव्यात. २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाईली एक्सेलच्या जुन्या स्वरूपात भरल्या गेल्या. त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावत असल्यामुळे कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. ओळींची मोजणी झाली असती, तर हे तेव्हाच दिसले असते. शाळेची पटसंख्या एवढी मोठी नसते, ही मोजणी पाच मिनिटांची आहे.

ह्या फाईलला कुलूप लावता येत नाही, हेही विसरू नये. आधार व खाते क्रमांक असलेली सीएसव्ही व्हॉट्सॲपच्या समूहात टाकणे म्हणजे दप्तर चव्हाट्यावर उघडे ठेवणे होय. ती संबंधित कार्यालयाच्या ठरलेल्या संकेतस्थळावरच चढवावी, व काम झाल्यावर शाळेच्या सामाईक संगणकावरील प्रत काढून टाकावी. कार्यालयाकडून दुरुस्त होऊन परत आलेली फाईल मूळ तक्त्यावर चढवू नये. तिला तारखेसह नवे नाव द्यावे, दाखल क्रमांकावरून मूळ तक्त्याशी ताडून पाहावे, आणि ज्या घरांत फरक आढळेल तेवढीच घरे मूळ तक्त्यात हाताने दुरुस्त करावीत.